लोकांना तेच हवं असतं, मग नवं गायचं कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहा-बारा वर्षं ख्यालाची तालीम झाली आहे. कार्यक्रम बऱ्यापैकी मिळतात, पण ते सगळे अभंगवाणी, नाट्यरंग नाहीतर दिवाळी पहाट. संयोजक गाण्यांची यादी आधीच पाठवतात आणि ती सगळीकडे जवळपास सारखीच असते. अहिर भैरव आणि मारूबिहाग या रागांत तुम्ही स्वतः बंदिशी, म्हणजे गायच्या छोट्या रचना, बांधल्या आहेत, त्यांना जागा मिळत नाही. एकदा आग्रहाने गायलात तर सभागृह थंड पडलं. गुरुजींचं म्हणणं, गाणं सपाट व्हायला लागलंय. आणि शेवटी विचारलंय की असे कार्यक्रम आता नाकारायला लागावं का.

आधी एक सांगून ठेवतो. मी गायक नाही, पेटीवाला आहे. तीसेक वर्षं गायकांच्या डाव्या हाताला बसून साथ करतो आणि मधूनमधून पेटीचं एकलवादनही करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. श्रोत्यांतून येणाऱ्या फर्माईशीच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा माझ्याच हातातून गायकाकडे जातात. आणि एकलवादनाला बसलो की लोक माझ्याकडूनही नाट्यगीतंच मागतात, ख्याल अंगाने वाजवलेला राग क्वचित.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. गाणं सपाट होतंय ही रियाजाची अडचण. नवी बंदिश पडली ही मांडणीची. आणि यादी दुसरा ठरवतो ही सरळसरळ व्यवहाराची, बोलणी करण्याची. तिघींना मिळून ‘श्रोत्यांची अभिरुची’ असं नाव दिलं की उपाय काही सुचत नाही, नुसता राग येतो. कार्यक्रम नाकारून यातली एकही आपोआप सुटणार नाही. फार तर मोकळा वेळ मिळेल, आणि त्या वेळेचं तुम्ही काय करता यावर पुढचं अवलंबून.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. घर कार्यक्रमांच्या मानधनावर चालतं की नोकरी-शिकवण्यांवर? पुण्या-मुंबईत राहता की तालुक्याच्या गावी? पुण्यात एखाद्या म्युझिक सर्कलला तासभर ख्याल गायची संधी वर्षातून एक-दोनदा तरी मिळू शकते, लहान गावात गणपती, नवरात्र आणि आषाढी सोडली तर गाण्याला व्यासपीठच नसतं. ज्याचं घर चतुर्मासातल्या कार्यक्रमांवर चालतं, त्याला ‘नाही म्हणा’ असा सल्ला देणं हा फुकटचा शहाणपणा. म्हणून पुढचं सगळं मी असं धरून लिहितो की तुम्हाला हे कार्यक्रम करायचेच आहेत, निदान आणखी काही वर्षं.

आता मुख्य मुद्दा. श्रोत्याला ज्याचं नाव ठाऊक आहे तेच तो मागू शकतो. चिठ्ठीवर काय लिहिणार? पदाची पहिली ओळ. ‘गेल्या वेळी तुम्ही द्रुत एकतालात काहीतरी फार छान गायला होतात, ते म्हणा’ अशी चिठ्ठी मी क्वचितच पाहिली आहे. तुमची बंदिश त्याने एकदाच ऐकलेली, शब्द अर्धे कळलेले, आणि पुन्हा ऐकायची सोय नाही. ती त्याने मागावी कशी? त्याला नवं नको असतं असं माझा अनुभव सांगत नाही. त्याच्याकडे नव्याला हाक मारायला शब्द नसतो, एवढंच.

आज ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातलं बरंचसं एकेकाळी कोरं करकरीत होतं. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या पूरब बाजाच्या, ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली नाट्यरसिकांना नव्याच होत्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी घरंदाज ख्यालगायकी पदांत आणली. १९६४ ला ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ ला ‘कट्यार काळजात घुसली’ आलं तेव्हा जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली त्या काळच्या कानांना अनोळखी होत्या. ‘घेई छंद मकरंद’ची एक चाल तर सालगवराळीत, म्हणजे तेव्हाच्या मराठी श्रोत्याने नावही फारसं न ऐकलेल्या रागात. मग ही पदं घरोघर कशी पोचली? नाटकाचे गावोगाव प्रयोग झाले, तेच पद तोच नट पुन्हापुन्हा गायला, वन्समोअर घेतले. तबकड्या निघाल्या, रेडिओवर लागल्या, लग्नाच्या मांडवात वाजल्या. चांगली चाल तर लागतेच, पण तिला शेकडो वेळा कानावर आदळवणारी एक यंत्रणा त्या काळी उभी होती.

तुमच्यामागे ती यंत्रणा नाही. म्हणून तिचं काम तुम्हालाच करावं लागणार. आणि इथेच बहुतेक तरुण गायक चुकतात असं मला वाटतं. नवी बंदिश बांधतात, एका कार्यक्रमात गातात, दाद बेताची मिळाली की ती वहीत जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला आणखी नवी. असं करून दहा रचना होतात आणि दहाही श्रोत्यांना परक्या राहतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. एकच रचना निवडा, तुमची सगळ्यात नेटकी, आणि सलग दोन हंगाम प्रत्येक कार्यक्रमात तीच गा. अभंगाचा कार्यक्रम असो की नाट्यसंगीताचा. तुम्हाला कंटाळा येईल, साथीदार गालात हसतील. येऊ द्या, हसू द्या. श्रोता ती अजून पहिल्यांदाच ऐकतोय.

डॉ. प्रभा अत्रे यांचं उदाहरण यासाठी फार उपयोगाचं आहे. त्यांच्या मैफलीत लोक मारूबिहागातलं ‘जागूं मैं सारी रैना’ आणि कलावतीतलं ‘तन मन धन’ हटकून मागत. या दोन्ही बंदिशी त्यांच्या स्वतःच्या. ध्वनिमुद्रिका निघाली, ती घराघरांत ऐकली गेली, मग हेच त्यांचं ‘तेच ते’ झालं. फर्माईश त्यांनाही चुकली नाही. पण लोक जे मागत होते ते त्यांचं स्वतःचं होतं. तुमचीही मारूबिहागातली बंदिश आहे म्हणून म्हणतो, ती गायलात तर पहिली तुलना कोणाशी होणार ते ध्यानात ठेवा. दोन हंगामांसाठी मी तुमच्या जागी अहिर भैरवातली उचलली असती.

माझंही लिहितो. झपतालातली माझी एक छोटी गत, म्हणजे वाद्यावरची रचना, आहे, किरवाणी रागात. एकलवादनाला बसलो की ती वाजवायचीच असं ठरवून टाकलं होतं. बराच काळ लोकांनी ती नाट्यगीतांच्या मधली विश्रांती म्हणून ऐकली. पुढे कोकणातल्या एका गावात मध्यंतराला एक गृहस्थ येऊन म्हणाले, ‘ते दहा मात्रांचं आज घेणार ना?’ त्यांना रागाचं नाव ठाऊक नव्हतं, गत माझी आहे हेही नव्हतं. पण मागायला त्यांच्याकडे काहीतरी होतं.

तुमची बंदिश गाताना सभागृह थंड पडलं, याबद्दल साथीदाराच्या जागेवरून एक गोष्ट सांगतो, गायक सहसा तिचा विचार करत नाहीत. ओळखीच्या पदात आम्हाला प्रत्येक जागा पाठ असते. तुम्ही श्वास घेतलात की पुढे काय येणार ते हाताला कळतं, पेटी तुमच्याबरोबर चालते. नव्या बंदिशीत आम्ही अर्धी मात्रा मागे असतो. तबलजी सम शोधत असतो, तिहाई बेतानेच घेतो. ही चाचपड श्रोत्याला शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवते, आणि तो समजतो की रचनाच बसलेली नाही. यावर उपाय साधा आहे. फोनवर बंदिश गाऊन, ताल आणि लय सांगून, आठ-दहा दिवस आधी पेटी आणि तबल्याला पाठवा. शक्य असेल तर एक बैठक घ्या. ‘काळी चार पट्टीत आहे, ऐनवेळी बघू’ असं म्हणणारे गायक आपल्याच रचनेचा घात करतात.

दुसरी गोष्ट निवेदनाची. ‘आता जरा वेगळं ऐकवते, चालेल ना?’ असं म्हणून नवी रचना सुरू करू नका. या वाक्याने श्रोता घड्याळाकडे बघतो. आणि रागाचे वादी-संवादी, आरोह-अवरोह, बंदिश कशी सुचली याचं भाषण तर नकोच. पहिली ओळ नुसती वाचून दाखवा, सावकाश, शब्द कळतील अशी, लगेच गा, आणि संपल्यावर तीच ओळ पुन्हा एकदा म्हणा. एवढ्याने चिठ्ठीवर लिहायला काहीतरी मिळतं.

तिसरी गोष्ट जागेची. दोन तासांच्या कार्यक्रमात नवं कधी घ्यायचं? अगदी सुरुवातीला घेऊ नये. लोक अजून खुर्च्या शोधत असतात. मध्यंतराच्या आधी घेऊ नये. त्यांच्या नाकाला चहा-वड्याचा वास लागलेला असतो. भैरवीच्या आधी तर मुळीच नाही. तिसरं किंवा चौथं. कान तोवर तापलेले असतात, आणि त्यानंतर लगेच यादीतलं सगळ्यात लाडकं गाणं ठेवलं की श्रोता नव्यावर रागावत नाही.

आता यादीतल्या गाण्यांबद्दल, कारण तुमचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जाणार आहे. ती गाणी म्हणजे वाढ थांबवणारी धोंड, असं तुम्ही धरून चालला आहात. सगळ्या प्रकारांना ते सारखं लागू नाही. ‘गीतरामायणा’चं गीत घ्या. गदिमांची छप्पन्न गीतं, बाबूजींच्या (सुधीर फडके यांच्या) चाली, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या क्रमाने घरात पोचलेली. तिथे कथा आणि शब्द आधी. तिथे तान घातली तर मला स्वतःला अंगावर काटा येतो, आनंदाचा नव्हे. अशा गीतात गायकाची वाढ होते ती उच्चारात, श्वासात, एका स्वरावर किती थांबायचं यात. हे काम बारीक आहे. ख्यालवाल्यांना ते हलकं वाटतं, पण करून बघा.

नाट्यपद वेगळं. ते मुळातच ताणायला केलेलं असतं. बालगंधर्व वन्समोअरला तेच पद पुन्हा घेताना जागा वेगळ्या घेत, असं त्यांना ऐकलेले जुने लोक सांगत आले आहेत. म्हणजे तेच पाहिजे म्हणणाऱ्या श्रोत्याला प्रत्यक्षात तेच मिळतही नव्हतं, आणि तो खूश होता. पेटीवर मला हे फार स्पष्ट दिसतं. पेटीला शब्द नाहीत, ते श्रोत्याच्या मनात चालू असतात. मुखडा मी जसाच्या तसा दिला नाही तर त्याला वाटतं मी चुकलो. मुखडा नीट दिला, अंतऱ्याची उठावणी ओळखीची ठेवली, की मधल्या मोकळ्या जागेत मी काहीही करू शकतो. मुखडा हे आपण श्रोत्याचं देणं लागतो. ते चुकतं करा, बाकीचं पद तुमचं.

फक्त गोव्यात जरा सांभाळून. तिथल्या जत्रांमध्ये गावकरी अजून रात्ररात्र संगीत नाटकं करतात, आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनी त्यातली दोन-तीन स्वतः केलेली असतात. मुखड्यातला एक स्वर हलला तरी कार्यक्रम संपल्यावर ते प्रेमाने तुम्हाला बाजूला घेणार.

‘स्वयंवरा’तल्या अनेक पदांच्या चाली ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या आहेत. ‘नाथ हा माझा’ यमनात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात. भास्करबुवा ख्यालाकडून पदाकडे आले, तुम्हाला त्याच वाटेने उलटं जाता येतं. यादीत ‘मम आत्मा’ असेल तर आधी सहा-सात मिनिटं बिहागची एखादी मध्यलय बंदिश घ्या आणि न थांबता, टाळ्यांना जागा न देता, पदात उतरा. पद सुरू होताच सभागृहात जो आवाज उठतो तो मी पुष्कळदा ऐकलाय. श्रोता बिहाग ऐकत होता हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं, पण ऐकला त्याने, आणि आनंदाने. संयोजकही तक्रार करत नाही, कारण यादीतलं गाणं झालंच आहे. ज्यांच्यासोबत मी वारंवार बसतो त्यातल्या दोन गायिका वर्षानुवर्षं असंच करतात. हळूहळू त्यांनी सहा मिनिटांची वीस केली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अभंगाचं दुखणं निराळं आहे. तिथे लोक अभंग मागतात आणि मनात भीमसेन जोशींचा गळा धरून बसतात. तो आवाका, ती दमसास, तो विठ्ठलाचा पुकारा. किती गायक त्या नकलेत गळा ताणून घेतात! गुरुजी ज्याला सपाट म्हणतात ते मला वाटतं बरंचसं इथून आलंय. बाई असाल तरी हे होतं. अभंगवाणीत सूर चढवून, टाळ-पखवाजाच्या वर आवाज काढून गायची सवय लागते, आणि मग मंद्र सप्तक हरवतं. यावर मी दोन गोष्टी सुचवतो. ज्या अभंगाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे ती काही महिने ऐकणं बंद करा. अगदी बंद. आणि गाथा उघडा. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या घरात अभंग आहेत, त्यातले मंचावर फिरणारे मूठभर. तुकाराम, नामदेव, जनाबाई, सोयराबाई ही नावं घेतली की श्रोता आधीच तुमचा झालेला असतो. न ऐकलेला अभंग त्याला परका वाटत नाही, कारण ‘तुका म्हणे’ ओळखीचं आहे आणि विठ्ठल ओळखीचा आहे. चाल स्वतः लावा, ध्रुवपद सोपं ठेवा, दुसऱ्या फेरीला लोकांना म्हणता येईल इतकं. नवं रुजवायला मराठीत इतकी सुपीक जमीन दुसरी नाही, आणि आपण तीच दहा रोपं पुन्हापुन्हा लावत बसलो आहोत.

वाढ म्हणजे नेमकं काय, हेही एकदा स्वतःशी ठरवा, कारण थोरामोठ्यांत याबाबत एकवाक्यता नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ग्वाल्हेर गायकी शिकले होते, नाव होतं, ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. तरी ते मंजीखाँसाहेबांकडे आणि त्यांच्यानंतर भुर्जीखाँसाहेबांकडे जयपूर घराण्याची तालीम घ्यायला गेले. पुढे अनवट रागांसाठी लोक त्यांच्याकडे बघत. उलट भीमसेनजी. तोडी, मुलतानी, पूरिया, मारवा, शुद्ध कल्याण, दरबारी, मियाँमल्हार, अशा थोड्या रागांत आयुष्यभर रमले. तेच राग गातात असं त्यांच्याबद्दल कुरकुरणारेही होते. मी त्या कुरकुरीत कधी सामील झालो नाही. तोच राग पुन्हा ऐकायला लोक सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसत, कारण तो त्या दिवशी कसा लागेल हे कोणालाच, बहुधा त्यांनाही, ठाऊक नसे. तुमची ओढ नव्या रचनांकडे आहे की त्याच रागात खोल जाण्याकडे? दुसरी असेल तर यादी तुमची अडचण नाहीच. अहिर भैरवातले तेच अभंग घेऊनही ते काम होतं.

नव्या रचनांकडेच ओढ असेल तर कधीतरी वेगळा कार्यक्रम बांधावा लागेल. कुमार गंधर्वांनी हे फार हुशारीने केलं. ‘गीत वर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘तांबे गीत रजनी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नावातच श्रोत्याला कळतं की आपण काय ऐकायला चाललोय. त्यातलं शेवटचं नाव तर पाहा. बालगंधर्व, म्हणजे मराठी माणसाला त्याहून ओळखीचं काय असणार? पण ‘मला उमजलेले’. नक्कल ऐकायला मिळणार नाही, हे तिकीट काढतानाच सांगून टाकलं. लहानपणी मोठमोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन थक्क करणारा मुलगा पुढे असं नाव देतो, यात बरंच काही आलं. तुम्ही वर्षातून एक असा कार्यक्रम करा. लहान जागा, साठ-सत्तर लोक, कोणाच्या घरची बैठकही चालेल. त्यात यादी तुमची. खर्च अंगावर येईल, साथीदारांचं मानधन मात्र बुडवू नका. अशा कार्यक्रमाला आम्ही कमी घेतो, पण ते आम्हाला ठरवू द्यावं.

व्यवहाराचं बोलायचं तर, यादीवर वाद मंचावर किंवा आदल्या दिवशी घालू नये. तारीख पक्की करताना, मानधनाचं बोलणं चालू असताना, एक वाक्य टाकायचं: ‘यादीतली सगळी गाणी होतील, एक मी निवडेन.’ नव्वद टक्के संयोजक लगेच हो म्हणतात, कारण त्यांना भीती असते ती लोकप्रिय गाणी गळण्याची, एक वाढण्याची नाही. मग तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवायचं. पुढच्या वर्षी त्याच संयोजकाला ‘दोन’ म्हणायचं. प्रायोजकाच्या पैशांवर चालणाऱ्या फुकट पहाटेत तिकिटाच्या कार्यक्रमापेक्षा हे सोपं जातं असा माझा अनुभव. तिकीट काढलेला माणूस यादी छापील जाहिरातीशी ताडून बघतो.

अलीकडे एक नवी भानगड सुरू झाली आहे. २०१५ च्या ‘कट्यार’ चित्रपटानंतर नाट्यपदं मागणारी तरुण मुलं दिसायला लागली, हे फार चांगलं झालं. पण मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलेल्यांना मुखडा तेवढा ओळखीचा असतो आणि अंतऱ्याला ते खाली बघायला लागतात. त्यांच्यासाठी तर संपूर्ण पद हीच नवी रचना आहे. याकडे तक्रार म्हणून बघू नका, त्यात तुम्हाला मोकळीक आहे.

राहिला रियाज. यात मात्र मी तडजोड सुचवणार नाही. कार्यक्रमाची गाणी सकाळच्या रियाजात आणायची नाहीत. ती दुपारी, साथीदारांबरोबर. सकाळी खर्ज आणि विलंबित, आणि महिनाभर एकच राग, जो कोणत्याही यादीत नाही. आषाढी-श्रावणाची धावपळ संपली की गळ्याला काही दिवस पूर्ण मोकळे ठेवा, टाळ-पखवाजाशिवाय नुसत्या तंबोऱ्यावर गा. तंबोरा खराच असला तर उत्तम, अ‍ॅपवरचा नको. खुंटी पिळून तार जुळवण्यात कान जो शांत होतो तो अ‍ॅपने होत नाही. आणि कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं गुरुजींना ऐकवा, लाजू नका. सपाट म्हणजे कुठे, कोणत्या जागेला, हे त्यांना बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाकारू नका. अपवाद एकच. जिथे ‘अमक्यांसारखंच गा’ अशी अट घालतात तिथे जाऊ नका, पैसे कितीही असोत. त्या कार्यक्रमांनी गळ्याचं नुकसान होतं आणि तिथला श्रोता तुमचा कधीच होत नाही.

येणारी दिवाळी पहाट घ्या. पहाटेला यमन-बिहागातली पदं गायला लावतात याचं हसू येतं, पण तुमच्यासाठी सोय अशी की वेळ अहिर भैरवाची आहे आणि यादीत ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ असणारच. नामदेवांचा अभंग, राम फाटकांची चाल, राग अहिर भैरव. त्याच्या आधी तुमची बंदिश लावा, पाच-सहा मिनिटं, द्रुत असेल तर फारच छान. शेवटची तान कोमल रिषभावरून षड्जावर आणा, तबलजीला डोळ्याने खूण करा, पखवाज उचलू दे, आणि ‘तीर्थ विठ्ठल’चा मुखडा घ्या. तुमची बंदिश कोणत्या तालात आहे आणि तिचा मुखडा कितव्या मात्रेवरून उठतो ते पत्रात नाही. ते कळवलंत तर एका तालातून दुसऱ्यात कसं उतरायचं, मध्ये आवर्तन मोकळं सोडायचं की नाही, ते लिहितो. पेटीवाल्यालाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बंदिश संपल्यावर हात पुसायला रुमाल काढेल.